पर्माफ्रॉस्टला मराठीत काय म्हणायचं?

आर्क्टिकमधल्या मिथेनवर एक लेख मराठीत लिहितोय आणि पहिल्याच वाक्यात अडकलोय. 'कायमचा बर्फ वितळल्याने मिथेनचे उत्सर्जन वाढते'. काहीतरी खटकतंय.

— खटकणारच, तो बर्फ नाहीये हो. सलग दोन वर्षं तरी शून्य अंशाच्या वर न गेलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट, मग ती माती असो नाहीतर खडक, आत बर्फ असेलच असंही नाही. सायबेरियातल्या येडोमा नावाच्या गोठलेल्या जमिनीत मात्र बर्फ खच्चून भरलेला असतो.

— आणि 'कायमचा' तरी कुठे? रशियनमध्ये 'वेच्नाया मेर्झ्लोता' म्हणजे शाश्वत गोठण म्हणायचे, पुढे तिथल्याच अभ्यासकांनी 'म्नोगोलेत्न्याया' म्हणजे बहुवर्षी केलं. इंग्रजी शब्द १९४३ मधला, म्युलर नावाच्या भूवैज्ञानिकाने 'पर्मनंट'ची शेपटी छाटून बनवलेला, ती चूक आपण कशाला उचलायची.

— गोठभूमी?

— गोठा आठवतो :) मी 'चिरगोठण' म्हणेन, चिर म्हणजे दीर्घकाळ एवढंच, कायमच असं नाही.

— शब्द काहीही घ्या पण क्रियापद बदला राव. बर्फ वितळतो, माती कशी वितळेल? ती सैल पडते, भुसभुशीत होते, खचते, तिथे खड्ड्यात पाणी साचून तळी होतात. 'गोठण सुटणं' कसं वाटतं? थंडीने आखडलेली बोटं सुटतात तसं.

— सुटणं भारी आहे! आता पुढचा घोळ. हजारो वर्षांची झाडंझुडपं त्या मातीत अडकलीयेत, उत्तरेकडच्या या जमिनीत साधारण दीड लाख कोटी टन कार्बन आहे, म्हणजे हवेतल्याच्या जवळपास दुप्पट. गोठण सुटली की जीवाणू तो खायला लागतात, पण कोरड्या जागी हवा मिळते म्हणून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि पाण्याखाली हवा नसल्यामुळे मिथेन, जो वीस वर्षांच्या हिशोबात त्याच्या ऐंशीएक पट उष्णता अडवतो. दोन्हीला नुसतं 'कुजणं' लिहिलं तर मुद्दाच बुडाला.

— कोरड्यावर कुजणं, पाण्यात सडणं?

— बोलताना इतका काटेकोर फरक कोणी करत नाही, पण लेखात एकदा सांगून टाकलं तर चालेल.

— माझी तक्रार 'उत्सर्जन'बद्दल, शाळेत उत्सर्जन संस्था म्हणजे मूत्रपिंडं वगैरे शिकलोय. तळ्यातून मिथेन बुडबुड्यांनी वर येतो, सरळ 'बाहेर पडतो' लिहा की.

— बरं, मग असं: 'चिरगोठण सुटली आणि वर पाणी साचलं की आतलं सगळं सडून मिथेन बाहेर पडतो.'

— 'सगळं' नको, बराच भाग तसाच राहतो. 'काही भाग' करा.