फुकट रेशन, दीड हजार आणि कापूस वेचणीला मजूर

चोपडेकर:
वावर पांढरंफेक झालंय आणि वेचणीला बाया मिळत नाहीत, किलोमागे भाव वाढवला तरी लांबच्या गावाहून गाडी करून आणाव्या लागतात. पारावर सगळे म्हणतात लाडकी बहीणचे १५०० अन् माणशी ५ किलो फुकट धान्य, आता उन्हात कोण येईल. गरिबाची मदत बंद व्हावी असं मला अजिबात वाटत नाही, पण मदतही राहील आणि कामाची ओढही राहील अशी योजना करता येते का?

यावलकर:
भाऊ, १५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये, त्यात कोणाचं घर चालतं? सगळ्या शिवारात कापूस एकदमच फुटतो अन् सातपुड्यातली माणसं त्याच सुमारास उचल घेऊन ऊसतोडीला, गुजरातला निघून जातात, मजूर टंचाई तिथून येते. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी ६ देशांतल्या ७ रोख मदत योजना तपासल्या होत्या (२०१७), लोक काम सोडतात असं काही दिसलं नाही. हां, हातात थोडे पैसे असले की बाई पडेल त्या भावात येत नाही, आणि ते मला चांगलंच वाटतं.

पाचोऱ्याची ताई:
खरी अडचण उत्पन्नाच्या मर्यादेत आहे, तिच्यावर कोणी बोलतच नाही. संजय गांधी निराधार योजनेच्या मदतीला वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे. ३०० रोजाने ७० दिवस गेली की विधवा बाई मर्यादेवर पोचली!! रेशनला खेड्यात अख्ख्या घराचं ४४,०००. आता वेचणीचे पैसे रोख, त्याची कुठे नोंद नाही, म्हणून ते काम चालतं. पण तीच बाई जिनिंगमध्ये (कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात) पगारपत्रकावर लागली की सगळं उत्पन्न कागदावर येतं आणि कार्ड जायची भीती, म्हणून चांगली कायमची नोकरी बाया नको म्हणतात. मर्यादा ओलांडली की एका झटक्यात सगळं बंद, हे चूक आहे. कमाई वाढेल तशी मदत हळूहळू कमी करा ना, अमेरिकेत १९७५ पासून कमी पगारवाल्यांना करातून मदत मिळते ती अशीच उतरत जाते.

चोपडेकर:
ताई हे पटलं. पण कमाईची नोंदच नाही तर हळूहळू कमी कशाच्या आधारावर करणार?

पाचोऱ्याची ताई:
म्हणूनच आधी मर्यादा वाढवा, आणि पगारपत्रकावरच्या कामाला लागलेल्याची मदत पहिली दोन-तीन वर्षं तशीच चालू ठेवा. मग लोक स्वतःहून कमाई दाखवतील.