नेटहॅक, रोग असले गेम फोनवर किंवा हँडहेल्डवर नीट खेळता येतात का?

भुयारी_उंदीर
टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनवर, नेटहॅक खेळायची जुनी सवय आहे, भुयाराचा नकाशा अक्षरांचाच, आपलं पात्र म्हणजे @, काळ्या स्क्रीनवर ते फिरवत बसायचं, चित्रंबित्रं मला नकोच असतात. हल्ली लॅपटॉप उघडणं होत नाही म्हणून फोनवर घेतला तर नकाशा एवढा बारीक की दार कुठलं आणि भिंत कुठली तेच कळेना, झूम केलं तर बाजूने कोण येतंय दिसत नाही, आणि कीबोर्ड वर आला की अर्धं भुयार झाकलं जातं. खरं तर हे गेम पाळीपाळीचे, आपण चाल केल्याशिवाय राक्षस जागचा हलत नाही, मध्येच फोन खिशात टाकायला याहून सोयीचं काय असणार. मग कोणी नीट जमवलंय का? फोन चालेल, बटणांचं हँडहेल्डही चालेल, फक्त मूळ गेमचा जीव काढून घेतलेला नको.

ऐंशी_बाय_चोवीस
भांडण फोनशी नाहीये, ८० कॉलमशी आहे. या सगळ्यांचा बाप रोग १९८० च्या सुमाराला युनिक्स संगणकांवर आला तेव्हा टर्मिनल ८० बाय २४ चं, म्हणजे ८० अक्षरं रुंद आणि २४ ओळी उंच, त्याच्यावरून निघालेल्या बऱ्याच गेमनी तेच माप उचललं, १९८७ च्या नेटहॅकचा नकाशा अजूनही ८० बाय २१. आता भागाकार करा. जुन्या पाम हातसंगणकाची स्क्रीन १६० पिक्सेल रुंद, म्हणजे एका अक्षराला २ पिक्सेल. गेमबॉय ॲडव्हान्स २४०, म्हणजे ३. निन्टेंडो डीएसची एकेक स्क्रीन २५६, तिथेही तेच रडगाणं. पीएसपीला ४८० आहेत, ६ पिक्सेलात निदान अक्षर अक्षरासारखं दिसतं. आजच्या फोनला पिक्सेल ढिगाने आहेत पण आडवा धरून स्क्रीन १५ सेंटीमीटर पकडली तरी एक घर २ मिलिमीटरहून कमी, त्यावर बोट काय टेकवणार डोंबल.

आणि नकाशा एकवेळ सरकवता येतो हो, कीबोर्डचं काय करणार? छोटा डब्ल्यू म्हणजे हत्यार हातात घेणं, मोठा डब्ल्यू म्हणजे चिलखत अंगात चढवणं. छोटा क्यू म्हणजे औषध पिणं, मोठा क्यू म्हणजे बाण तयारीत ठेवणं. तिरकं चालायला वेगळी चार अक्षरं. हे सगळं दोन बटणं आणि एका डी-पॅडवर (चार दिशांचं बटण) बसवायचं म्हणजे मेनूच्या आत मेनू, आणि एका चालीला चार दाबादाब्या झाल्या की माणूस कंटाळणारच. म्हणून कुठलंही पोर्ट, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर आणलेली आवृत्ती, बघताना ग्राफिक्स नंतर बघा, आधी एक औषध प्यायला किती टॅप लागतात ते मोजा.

पिक्सेलपंथी
माझं म्हणणं पोर्टच्या नादी लागूच नका, मुळात छोट्या स्क्रीनसाठी लिहिलेलं खेळा. २०१२ चा पिक्सेल डंजन घ्या, मूळ गेममध्ये प्रत्येक मजला ३२ बाय ३२ घरांत बसवलेला, आणि एकच टॅप सगळं करतो, रिकाम्या जागी केला तर चाल, राक्षसावर केला तर वार, दारावर केला तर दार उघड. बाकी रोगचं सगळं शाबूत आहे, कुठल्या रंगाचं औषध कसलं ते प्यायल्याशिवाय कळत नाही, भूक लागते, मेलात की संपलं. २०१४ ला सोर्स कोड खुला झाला आणि त्यावरून लोकांनी ढीगभर वेगळ्या आवृत्त्या काढल्या, त्यातला शॅटर्ड पिक्सेल डंजन आज सगळ्यात जिवंत आहे, मी तोच खेळतो.
बटणंच हवी असतील तर पावडर शोधा, तो मुळातच गेमबॉय ॲडव्हान्ससाठी लिहिलेला आहे, देव वगैरे भानगडी नेटहॅकसारख्याच.

ताईत_चोर
पिक्सेल डंजन चांगलाच आहे, पण नेटहॅकची भूक त्याने भागत नाही राव. नेटहॅकमध्ये सिंक दिसला की लाथ मारून बघता येते, देवाची प्रार्थना करता येते, जमिनीवर शब्द कोरून राक्षस लांब ठेवता येतात, आणि हे सगळं कीबोर्डवर एवढी बटणं असल्यामुळेच आहे ना. एका टॅपमध्ये सगळं कोंबलं की गेमच ठरवणार तुम्हाला काय करायचंय ते.
मधला रस्ता म्हणजे डंजन क्रॉल स्टोन सूप नाहीतर ब्रोग, हे याच जातीचे गेम. दोघांतही ऑटो-एक्सप्लोअर आहे, एक बटण दाबलं की पात्र आपोआप मजला धुंडाळतं आणि राक्षस दिसला की थांबतं, म्हणजे विचार फक्त लढाईत करायचा. डेस्कटॉपवर मला ते आळशीपणाचं वाटायचं पण फोनवर त्याशिवाय जमणारच नाही. ब्रोगमध्ये तर पात्राची लेव्हलच नसते, राक्षस मारून अनुभव गोळा करायची कटकट गेली, सगळा जोर सापडलेल्या वस्तूंवर, त्यामुळे कमांडही मोजक्याच.
तिरकं चालायचं कोडं मात्र जपान्यांनी कधीच सोडवलंय, शिरेन नावाच्या त्यांच्या याच जातीच्या गेममध्ये आर बटण दाबून धरलं की डी-पॅड फक्त तिरकाच चालतो. सुपर निन्टेंडोवर १९९५ ला केलं, मग डीएसवरही आलं. इतकं साधं, तरी अजून कित्येक पोर्टवाल्यांना सुचत नाही.

आलेखवही
वरून दिसणारेच कशाला, समोरून दिसणारे जुने डंजन, म्हणजे भुयारांचे गेम, छोट्या स्क्रीनवर जास्त शोभतात, कारण दिसतोच फक्त समोरचा बोळ. १९८१ च्या विझार्ड्रीचे मजले २० बाय २० चे, नकाशा आपण चौकटीच्या कागदावर काढायचा. त्याचे पहिले तीन भाग २००१ ला गेमबॉय कलरवर आले, पण फक्त जपानमध्ये. एट्रियन ओडिसीने २००७ मध्ये डीएसची खालची टच स्क्रीनच कागद केली, वर बोळ आणि खाली पेनने स्वतः भिंती आखायच्या, हँडहेल्डवर यापेक्षा डोकं लावून केलेलं काम मी तरी पाहिलं नाही. उलट आय ऑफ द बिहोल्डर २००२ ला गेमबॉय ॲडव्हान्सवर आणताना लढाई उचलून वेगळ्या स्क्रीनवर पाळीपाळीची केली. मूळ १९९१ च्या गेमची सगळी मजा बोळात मागे-बाजूला सरकत मारण्यात होती, तीच गेली.

भुयारी_उंदीर
शिरेनचं आर बटण झकास! ब्रोग आणि शॅटर्ड दोन्ही टाकतोय फोनवर. पण नेटहॅक काही सुटणार नाही हो. त्याच्या सेव्हचं काय, खेळ परत उघडला की तो सेव्ह फाइल पुसतो, आणि फोन मागचं ॲप कधी मारेल नेम नाही.

ऐंशी_बाय_चोवीस
हो, ती खोड टर्मिनलच्या काळातली, मेलेलं पात्र कोणी परत जिवंत करू नये म्हणून. पोर्ट घेताना बघा, ॲपमधून बाहेर पडल्यावर आपोआप सेव्ह होतं का. पात्र नवखं असतानाच मुद्दाम ॲप मारून तपासा, दहाव्या मजल्यावर पोचल्यावर नको. मूळ नेटहॅकसोबत रिकव्हर नावाचा छोटा प्रोग्राम येतो, मध्येच बंद पडलेल्या खेळाच्या उरलेल्या फाइलींमधून तो सेव्ह परत उभा करतो, काही पोर्टमध्ये तो असतो काहींत नाही. आणि ऑटोपिकअप, म्हणजे पायाखालच्या वस्तू आपोआप उचलायची सोय, लावून फक्त पैसे, औषधं, मंत्रांच्या गुंडाळ्या आणि अंगठ्या उचलायला सांगा, निम्मे टॅप तिथेच वाचतील.