बेकारी भत्त्याने कामाची ओढ कमी होते का?

प्रश्न: डेन्मार्कमध्ये नोकरी गमावलेल्या विमाधारकाला, ठरावीक कमाल मर्यादेत, आधीच्या वेतनाच्या ९० टक्क्यांपर्यंत भत्ता दोन वर्षे मिळू शकतो. आपल्याकडे अनेकांना वाटते की एवढा आधार मिळाला तर कोणी काम करणार नाही. मग तेथील बहुतेक प्रौढ स्त्री-पुरुष नोकरी कशी करतात?

पहिला प्रतिसाद: हा भत्ता बिनशर्त नसतो. बेकारी विमानिधीचे सदस्यत्व ऐच्छिक असून त्याची वर्गणी स्वतः भरावी लागते, आणि नोकरी गेल्यावर रोजगार केंद्रात नाव नोंदवून सतत काम शोधावे लागते, प्रसंगी प्रशिक्षणही घ्यावे लागते. मालकाला कामगार कमी करणे तुलनेने सोपे आहे; त्या बदल्यात समाज त्या कामगाराला सावरतो. शिवाय पाळणाघरांचा बराचसा खर्च सरकार उचलते, म्हणून आई झालेल्या स्त्रीला नोकरी सोडावी लागत नाही. माझ्या मते खरे उत्तर येथेच आहे.

दुसरा प्रतिसाद: जपानमध्ये सुरक्षिततेची भिस्त दीर्घकाळ कंपनीवरच राहिली, त्यामुळे निष्ठा म्हणजे उशिरापर्यंत थांबणे असे समीकरण रुजले. अतिश्रमाने माणसे दगावू लागली, तरी जादा कामावर महिन्याला साधारण ४५ तासांची मर्यादा घालणारा, उल्लंघनास दंड असलेला कायदा 2018 मध्येच झाला. अशा कष्टाळूपणाचे कौतुक मला करवत नाही.

तिसरा प्रतिसाद: महाराष्ट्राच्या 1977 च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामीण प्रौढांना अंगमेहनतीचे काम मागण्याचा हक्क दिला. भर उन्हात माती उपसायला येणाऱ्यांना आळशी कोण म्हणेल?