मेटॅलिकाचा साऊंड नेमका कधी बदलला?

रिफवेडा:
गेला आठवडाभर मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचे सगळे अल्बम ओळीने ऐकतोय. १९८३ चा पहिला अल्बम आणि १९९१ चा ब्लॅक अल्बम एकाच बँडचे वाटतच नाहीत. हे एकदम झालं की हळूहळू?

डबलबास:
हळूहळूच. १९८६ ला स्वीडनमध्ये बस उलटून बँडचा बासिस्ट क्लिफ बर्टन गेला, तिथून सुरुवात धर. तो बास गिटारवर मेलडी वाजवायचा, नुसता गिटारच्या मागे पळायचा नाही. १९८८ च्या अल्बममध्ये त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला पण मिक्समध्ये त्याचा बास जवळजवळ गायबच केला, गिटार कोरडी, गाणी लांबलचक, काही तर जवळजवळ दहा मिनिटांची, सारखी ताल बदलणारी. मला अजूनही वाईट वाटतं त्या बासचं. मग ब्लॅक अल्बमला प्रोड्यूसर बॉब रॉक आला, त्याने चौघांना एका खोलीत एकत्र वाजवायला लावलं, स्पीड कमी, गाणी छोटी, बास परत ऐकू यायला लागला आणि ड्रम्सचा आवाज केवढा मोठा झाला.

कोल्हापूरकर:
बरोबर. पण ९६ चा 'लोड' अल्बम विसरू नका, त्यात ब्लूज आणि हार्ड रॉकच जास्त आहे. लोक शिव्या देतात, मला मात्र गायक हेटफिल्डचं गाणं तिथेच सगळ्यात आवडतं.

रिफवेडा:
आणि २००३ च्या अल्बममधला तो डब्यासारखा वाजणारा स्नेअर ड्रम?

डबलबास:
स्नेअरखालच्या तारा सोडून वाजवलाय रे, म्हणून तसा टणटण वाजतो. गिटार सोलोही नाहीत त्यात. २००८ च्या अल्बमला सोलो परत आले, फक्त मास्टरिंग (शेवटचा आवाज पक्का करणं) इतकं लाऊड की आवाज फाटतो. हेडफोनवर ऐकून बघ.