मदत हवी आहे: लिंगघडण आणि लिंगभाव (आपण स्त्री, पुरुष की अन्य, याची स्वतःची जाणीव) यांचा जैविक संबंध कसा समजावून सांगावा?

नमस्कार. गर्भाचे लिंग कसे घडते, यावर विद्यार्थ्यांसाठी टिपण लिहीत आहे आणि त्यातील एका टप्प्यावर जाणकारांची मदत हवी आहे.

सुरुवातीचा भाग स्पष्ट आहे. साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत गर्भातील जननग्रंथी कोणत्याही दिशेने वळू शकते. वाय गुणसूत्रावरील एसआरवाय हे जनुक, जे 1990 मध्ये ओळखले गेले, कार्यरत झाले की तिचे वृषण बनते आणि पुढची घडण वृषणातील संप्रेरकांवर अवलंबून राहते. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेड जोस्ट यांनी 1940 च्या दशकात सशाच्या नर गर्भांतील वृषणे काढून टाकली, तेव्हा त्यांची शरीररचना मादीसारखी झाली. हा प्रयोग मला आजही विलक्षण वाटतो. अंडाशय घडण्यासाठीही विशिष्ट जनुके लागतात, हे मात्र सांगायचे राहून जाते.

अडचण पुढे आहे. पेशी अँड्रोजेनला (पुरुषी संप्रेरकांना) मुळीच प्रतिसाद देत नसतील, तर एक्सवाय गुणसूत्रे (सहसा पुरुषांत आढळणारी जोडी) असलेली व्यक्ती बाह्यतः स्त्री म्हणून वाढते आणि बहुतेकदा स्वतःला स्त्रीच मानते. यात संप्रेरकांचा मेंदूवरील परिणाम किती आणि संगोपनाचा किती, हे वेगळे कसे दाखवावे? अधिवृक्क (मूत्रपिंडावरील) ग्रंथीच्या जन्मजात विकारामुळे गर्भावस्थेत जास्त अँड्रोजेन मिळालेल्या मुलींच्या खेळांच्या आवडी सरासरीने बदलतात, तरी त्यांतील बहुसंख्य स्वतःला मुलगीच समजतात; तेव्हा आवडीनिवडी आणि लिंगभाव यांची गल्लत होता कामा नये.

वाचणाऱ्यांत अशी एखादी व्यक्ती असू शकते, म्हणून अचूक आणि तिला न दुखावणारी मांडणी कोणी शिकवताना वापरली असल्यास कृपया सविस्तर कळवावी.