मदत हवी आहे: मातीचे घोडे पाठवताना पोस्टाचा विमा घ्यावा का?

भद्रावतीजवळच्या खेड्यातून भाजलेल्या मातीचे घोडे ऑनलाइन विकतो. एक नग दीड किलोचा, किंमत 1800 रुपये. मागच्या महिन्यात पुण्याला पाठवलेला घोडा कान तुटूनच पोचला. दुहेरी खोकं होतं, चहूबाजूंनी दोन-दोन बोटं धानाची तणस दाबून भरली होती, तरीही. गिऱ्हाईकाचे पैसे लगेच परत केले. त्यांचं काय चुकलं? खाजगी कुरिअर गावात येत नाही. रजिस्टर्ड पोस्टही 2025 मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं, म्हणून स्पीड पोस्टानेच पाठवतो. विम्याचा खर्च किमतीत धरायची तयारी आहे.

ज्यांनी मातीची किंवा काचेची वस्तू विमा काढून पाठवली, त्यांना फुटल्यावर भरपाई मिळाली का, की फक्त हरवल्यावरच मिळते? आणि खोकं पोस्टमनसमोरच उघडावं लागलं का?