गळाला ब्रेड लावून चोरल नदीवर मासा लागेल का?

छत्रीबागचे_काका
सप्टेंबरात मुलाकडे इंग्लंडात हेरफर्डला होतो, एका दुपारी तो वाय नदीवर घेऊन गेला चब नावाचा मासा धरायला. मला वाटलं पिशवीभर आणू, सूनबाईला मसाला वाटून ठेवायला पण सांगितलं होतं, तर नदीवर पोचल्यावर चिरंजीव म्हणतात बाबा, धरायचा आणि सोडायचा, नुसते काटे असतात आणि चव म्हणाल तर ओला कापूस. घ्या! आमिष काय तर साधा पांढरा स्लाइस ब्रेड. मधला मऊ भाग चिमटीने गळाच्या दांडीवर दाबायचा, टोक उघडं ठेवायचं, कडा पाण्यात फुलून हलत राहतात. फ्लोट नाही शिसं नाही, नुसतं वाहू द्यायचं, पलीकडे झाड पाण्यावर वाकलंय त्याच्या खाली जाईपर्यंत. तासभर मी काठावर उभा, काही नाही. मग मुलाने हाताला धरून खाली बसवलं, म्हणे तुमची सावली पाण्यात पडतेय, चब ती बघून पळतो. बसलो तर वीस मिनिटांत दोरी ताणली ना एकदम. दीडेक किलोचा असेल, पितळी खवले, प्रत्येकाला काळसर कड, आणि तोंड केवढं, पांढऱ्या ओठांचं, लाडू सहज जाईल. तेव्हापासून डोक्यातून जातच नाही. आता इंदूरला परत आलोय तर चोरलला नाहीतर नर्मदेवर मोरटक्क्याला हाच ब्रेड चालेल का, की आपली कणीकच बरी?

गळवाला_भिया
काका ब्रेड चालतो पण टिकत नाही. इथे बारकी मासळी इतकी की टोचून टोचून दोन मिनिटांत गळ साफ, तुम्ही आपले बसा ओढीची वाट बघत. कणकेत थोडं बेसन आणि चिमूटभर हिंग घाला, पेढ्याएवढं घट्ट मळा आणि ओल्या फडक्यात ठेवा, नाहीतर उन्हात वरून कडक होतं. रोहू लागेल. आणि बाडस लागला, म्हणजे महाशीर, तर फोटो काढून सोडून द्या प्लीज, 2011 पासून आपल्या एमपीचा राज्य मासा आहे आणि नर्मदेत धरणांमुळे आधीच कमी झालाय. तुमचा चब आणि हा एकाच खानदानातले बरं का, दोघांचे दात जबड्यात नाही, घशात असतात. गळ खोल गेला तर बोट घालू नका, चिमटा ठेवा.

सुदामानगरची
मासे राहू द्या, आधी पाण्याचं ऐका. मोरटक्क्याच्या वर ओंकारेश्वरचं धरण आहे, कोरड्या दगडावर बसलात आणि वरून पाणी सोडलं तर सामान उचलायलाही वेळ मिळत नाही. 2005 ला नर्मदाकाठी धाराजीच्या मेळ्यात धरणाचं पाणी आलं तेव्हा कितीतरी लोक वाहून गेले. माझे बाबा मासे धरायचे तेव्हा पाण्याच्या कडेला एक काडी रोवून ठेवायचे, काडी बुडली की ते उठले, मग गळाला काही का असेना.

छत्रीबागचे_काका
काडीचं लक्षात ठेवतो ताई. जूनमध्ये गेलं तर चालेल का? तिकडे इंग्लंडात 16 जूनला नद्यांवर मासे धरायचा सीझन उघडतो, मुलगा त्याच दिवसाची वाट बघत असतो.

गळवाला_भिया
अहो काका, आपल्याकडे बरोबर 16 जूनलाच मासे धरणं बंद होतं, 15 ऑगस्टपर्यंत! त्यांचा चब पावसाळ्याच्या आधीच अंडी घालून मोकळा, आपला रोहू पुराच्या पाण्यात घालतो. त्याआधीच जाऊ. रविवारी सकाळी निघू, सिमरोलला पोहे खाऊ, भेरूघाट उतरला की चोरल आलीच. ब्रेड पण आणा, बघू तरी.

छत्रीबागचे_काका
आणतो. हिने आत्ताच विचारलं, मसाला वाटून ठेवू का. मी गप्प.